सातवाली आणि आठवाली

लोकेंद्र पटलेला साखर निघाली तेव्हा डॉक्टरांनी त्याला रोज चालायला सांगितलं. चालण्याचा त्याला मनापासून कंटाळा. काही दिवस तो मैदानाला चकरा मारून आला, आणि मग एका सकाळी शेजाऱ्याची सायकल मागून घेऊन नागऱ्याच्या महादेवापर्यंत जाऊन आला. परतला तो घामाघूम आणि इतका खूश, की ओमेश्वरीला वाटलं, वाटेत ह्याला कुणीतरी जुना मित्र भेटला असावा.

त्यानंतर तो सायकलीचाच झाला. बायकोलाही त्यानं ओढलं. तिला फार ओढावं लागलं नाही. केशोरीत वाढलेली ओमेश्वरी लग्नाआधी धानाच्या बांध्यांमधून, म्हणजे भातखाचरांमधून, कॉलेजपर्यंत सायकलच हाणायची. गोंदियात आल्यावर ती सुटली होती, एवढंच. आता मुलगी रिंकी नागपूरला हॉस्टेलवर होती. घरात तिघंच उरली होती. ही दोघं, आणि लोकेंद्रचे वडील जियालाल. लोकेंद्रचं पंप आणि पाइपांचं दुकान दहानंतर उघडायचं, त्यामुळे सकाळ मोकळी असायची.

जियालाल गावची शेती धाकट्याकडे सोपवून शहरात आले होते, ते कंपवातामुळे. उजवा हात मांडीवर ठेवला की त्याची बोटं एकसारखी हलत राहायची, जणू कुणाला न दिसणारी बिडी वळून राहिली आहेत. लोकेंद्र त्या हाताकडे बघायचं टाळायचा. वडिलांशी बोलताना तो त्यांच्या कपाळाकडे बघून बोले.

धारचा विषय निघाला तो एका रविवारी, जेवताना.

"बाबूजी, आपले लोक माळव्यातून आले म्हणतात ना? धारहून?"

"म्हणतात तं खरं," जियालाल म्हणाले. "मी काही त्या बैलगाडीत नव्हतो."

"मंग आपण जाऊन पाहू. मी अन् हे. सायकलीनं."

'हे' म्हणजे ओमेश्वरी. तिला हसू आलं. पण त्या रात्री तिनं नकाशा उघडला तेव्हा तिला हसू आलं नाही, उलट तिचं बोट वाटेवरून पुढे पुढे सरकत गेलं. बालाघाट, सिवनी, नर्मदा, आणि पलीकडे माळवा.

लोकेंद्रचा चुलतभाऊ खुमेंद्र समाजाच्या मंडळात होता. त्याच्या कानावर ही गोष्ट गेली आणि ती दोघांची राहिली नाही. दिवाळीनंतर गावोगाव भरणाऱ्या मंडईच्या जत्रा संपल्या की निघायचं, असा दिवस त्यानंच ठरवला. बालाघाटला स्वागत, सिवनीला मुक्काम, धारला सत्कार. दोघांचे फोटो असलेला फ्लेक्सही त्यानं छापून घेतला. फ्लेक्सवर ओमेश्वरी जरा भेदरल्यासारखी दिसत होती. तो फोटो आधार कार्डाच्या वेळचा होता.

सायकली बाहेरून मागवल्या होत्या, खास लांबच्या प्रवासासाठी बनवलेल्या. पोलादी नळ्यांची फ्रेम, रुंद टायर, पुढे-मागे कॅरियर. एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या, एकाच गडद हिरव्या रंगाच्या. नवरा-बायको उंचीनं जवळपास सारखेच होते. पेडलच्या आसाखाली नंबर कोरला होता. एकीच्या नंबराच्या शेवटी सात, दुसरीच्या आठ. ते जियालालनी सायकली उलट्या करून शोधून काढलं, आणि नावंही त्यांनीच ठेवली. सातवाली, आठवाली.

पहिल्या आठवड्यात दोघांनी त्या अदलून-बदलून चालवल्या, आणि दोघांनाही नवल वाटलं. बघायला सारख्या, चालवायला नाहीत. आठवाली शांत होती. खड्डा आला की आधी तो टायर खाई, मग नळ्या, आणि हातापर्यंत पोचेस्तोवर त्याची नुसती बातमी उरे. सातवाली चपळ. पेडलवर जरा जोर दिला की पुढे उडी घेई; चढावर तर कुणीतरी पाठीला हात लावून ढकलतंय असं वाटे. पण रस्त्याची प्रत्येक खडी ती मनगटाला सांगून जायची.

"एकच कंपनी, एकच माप. मंग फरक काऊन?" लोकेंद्रनं विचारलं.

"एकच बियाणं दोन बांध्यांत सारखं होते का?" जियालाल म्हणाले.

ओमेश्वरीला सातवाली आवडली. चढावर ती लोकेंद्रच्या पुढे निघायची, आणि ते तिला फार बरं वाटायचं. तेव्हा सातवाली तिची झाली.

भीती सुरू झाली ती सामान बांधल्यावर. प्रवासाची सवय व्हावी म्हणून दोघांनी कॅरियरच्या दोन्ही बाजूंच्या पिशव्या तांदळानं भरल्या, आणि सकाळी रेल्वेच्या उड्डाणपुलावर गेले. गोंदियात दुसरा उतार शोधूनही सापडत नाही. ओमेश्वरी वरून सुटली. वारा कानात भरला. हात हलके झाले. आणि अचानक हँडल थरथरलं.

आधी बारीक, एखाद्या झाकणाखाली पाणी उकळावं तसं. मग ती थरथर हँडलमधून नळीत आणि नळीतून सीटमध्ये उतरली. सगळी सायकल अंगाखाली जिवंत झाल्यासारखी वळवळू लागली. तिनं हँडल घट्ट आवळलं, तर ती आणखी वाढली. समोरून तांदळाची पोती भरलेला ट्रक चढत होता. ओमेश्वरीनं ब्रेक दाबला, पाय आखडले, कशीबशी खाली आली आणि कडेला थांबली. तिच्या तोंडात तांब्याची चव आली होती.

लोकेंद्र मागून आला. "काऊन थांबली?"

"हे हलते."

"काय हलते?"

"हँडल. सगळी सायकलच."

त्यानं पुढचं चाक उचलून फिरवलं, हँडल मागे-पुढे ढकलून पाहिलं. सगळं घट्ट होतं. "तू जोरात आली ना, म्हणून वाटलं असन," तो म्हणाला.

असेल, असं तिनंही मनाला सांगितलं. पण दुसऱ्या दिवशी तेच झालं, आणि त्याच्या पुढच्या दिवशीही. ठरावीक वेग आला की व्हायचं; त्याच्या खाली नाही, त्याच्या वर गेलं तर काय होईल ते पाहायची तिची हिंमत नव्हती. एकदा घाबरून तिनं गुडघे आत घेतले आणि उजवा गुडघा वरच्या नळीला टेकला, तशी थरथर एकदम विझली. ती लोकेंद्रला म्हणाली, "गुडघा लावला की थांबते. म्हणजे काही तरी आहेच ना तिच्यात."

"मंग गुडघा लावूनच धारपर्यंत जाशील का?" तो हसला. पण ते हसणं तिला बरं वाटलं नाही. ते फार लवकर संपलं.

मग तपासण्या सुरू झाल्या. एका दुपारी दुकान बंद असताना दोघांनी अंगणात दोन्ही सायकलींची चाकं काढून आपसात बदलली. सातवालीला आठवालीची चाकं, आठवालीला सातवालीची. सकाळी पुलावर गेले. सातवालीच थरथरली. पिशव्या बदलल्या, पुढे जास्त वजन ठेवलं, मागे कमी केलं. थोडा फरक पडला, पण सातवाली हललीच. कंपनीला फोन केला. तिकडचा माणूस गोड बोलून म्हणाला, सामान नीट बांधा, हँडल सैल धरा, हळूहळू सवय होते.

हे शेवटचं वाक्य लोकेंद्रनं उचललं. "सवय होते म्हणतो तो."

"तुम्ही चालवून पाहा ना एकदा. भरलेल्या पिशव्या घेऊन."

त्यानं चालवली. ओमेश्वरी पुलाच्या पायथ्याशी उभी राहून बघत होती. तो वरून आला, तिच्या शेजारून पुढे गेला, बऱ्याच लांब जाऊन थांबला. ती पळत त्याच्याजवळ गेली तेव्हा तो दोन्ही तळवे पँटला पुसत होता.

"काही नाई," तो म्हणाला.

"काहीच नाई?"

"सांगतो ना, काही नाई! हँडल हलत नाई. हातच हलतात माणसाचे."

हे तो असं तोडून बोलला, की शेजारून जाणारा दूधवाला वळून बघायला लागला. लोकेंद्र तिच्यावर असा कधी ओरडत नसे. घरी येईपर्यंत तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत राहिली. माझेच हात हलत असतील का? मीच भेकड झाले का? धारची वाट ऐकून मनातून घाबरले, आणि दोष सायकलीला देऊन राहिले?

त्या विचारानं तिची झोप उडाली. स्वयंपाक करताना, कपडे वाळत घालताना, ती स्वतःच्या नकळत हात लांब करून बोटांकडे बघायची. बोटं स्थिर असायची. मग तिला वाटायचं, आता आहेत, पण उतारावर? सिवनीकडचा घाट, मागे ट्रक, आणि हँडल हातात मासोळीसारखं. खुमेंद्र अधूनमधून घरी येऊन सांगायचा, बालाघाटवाल्यांनी ढोल सांगितला आहे, धारवाल्यांनी शाल आणली आहे.

शेवटी तिनं सासऱ्यांना सांगितलं. जियालाल ओसरीवर बसले होते, हात मांडीवर, बोटं आपली चालूच.

"बाबूजी, मले खरंच समजते का मले नुसतं वाटते, हे कसं कळन?"

त्यांनी अंगणातल्या दोन्ही सायकलींकडे बघितलं. मग म्हणाले, "तुले न सांगता देऊन पाहू."

दुसऱ्या सकाळी त्यांनी दोन्ही सायकलींच्या सीट सारख्या उंचीवर लावल्या, घंटी काढली, हँडलवर जुन्या धोतराच्या चिंध्या गुंडाळल्या. जियालाल रिक्षात बसून आणि ती दोघं सायकली हाकत पुलापर्यंत गेली. ओमेश्वरी पाठ करून उभी राहायची. जियालाल सांगायचे तसा लोकेंद्र एक सायकल पुढे आणून उभी करायचा. ती बसायची, पुलावर चढून फिरून खाली यायची आणि नाव सांगायची.

"आठवाली."

"सातवाली."

"परत सातवालीच दिली तुम्ही."

एकदाही ती चुकली नाही. खरं तर उतरायची गरजच पडत नव्हती. चढतानाच तिला मांड्यांमध्ये कळून जायचं. शेवटच्या खेपेला ती उतरली तेव्हा जियालाल खुदकन हसले. "सूनबाईले समजते रे, लोकेंद्र. वाटत नाई, समजते."

ओमेश्वरीला रडू यायचंच बाकी होतं. तिनं नवऱ्याकडे बघितलं. तिला वाटलं होतं, आता तो म्हणेल, चुकलं माझं. पण लोकेंद्रचा चेहरा उतरला होता. तो चिंध्या सोडत होता आणि खाली बघत होता.

"ठीक आहे," तो म्हणाला. "तुले तिची भीती वाटते तं सातवाली मी घेतो. तू आठवाली घे. दिवस बदलता येत नाई आता."

"अजी, पण मंग तुम्हाले..."

"मले काही होत नाई."

तिला सुटल्यासारखं वाटलं, आणि सुटल्यासारखं वाटल्याची तिला लाज वाटली. आता ती आठवालीवर शांत बसायची आणि तिची नजर सतत पुढच्या सायकलीच्या हँडलवर असायची. आपली भीती निदान आपल्या हातात असते. त्याच्यासाठी वाटणारी भीती तिच्या हातातही नव्हती.

निघायच्या आधी एक मोठी फेरी करायची ठरली. सगळं सामान बांधून केशोरीला, तिच्या माहेरी. वाटेत नवेगावबांधला मुक्काम. जियालालच्या सोबतीला खुमेंद्रची बायको मंजू येऊन राहिली.

सकाळ थंड होती. गोरेगाव मागे पडलं. कापलेल्या धानाचे उंच रचलेले पुंजणे शेतांत उभे होते, कुठे मळणी चालू होती. लोकेंद्र पुढे, ओमेश्वरी मागे. तो फारसा बोलत नव्हता. एरवी वाटभर त्याची बडबड चालायची. कोणत्या गावात कोणता पंप बसवला, कुणाच्या विहिरीला पाणी किती. आज विचारलं तेवढंच उत्तर. एका टपरीवर चहाला थांबले तेव्हा तिनं बघितलं, त्यानं पेला दोन्ही हातांनी धरला होता.

"थंडी वाजते का?"

"हो," तो म्हणाला.

मुर्दोलीचं जंगल लागलं. रस्ता वर चढला, आणि सातवाली आपल्या स्वभावाप्रमाणे चढावर पुढे पळाली. ओमेश्वरी मागे राहिली. चढ संपला तिथे ती पोचली तेव्हा लोकेंद्र उताराला लागलेला होता. सागाच्या झाडांमधून रस्ता सरळ खाली जात होता आणि टोकाला एक वळण होतं. तिनं पेडल मारणं सोडलं. तिला त्याच्या पाठीवरचा निळा शर्ट फुगलेला दिसत होता.

मग तो शर्ट हलला.

लांबून ते फार साधं दिसलं. माणूस मान हलवून नाही म्हणतो, तशी सायकल नाही-नाही करायला लागली. आधी पुढचं चाक, मग मागच्या पिशव्या, मग लोकेंद्रचे खांदे. तो आवळून धरतोय हे तिला त्याच्या कोपरांवरून कळलं. थरथर वाढत होती. खालच्या वळणाकडून एसटीचा हॉर्न ऐकू आला.

ओमेश्वरीनं ब्रेक सोडून दिले. आठवाली खाली सुटली, स्थिर, एखाद्या जुन्या बैलासारखी. जवळ जाता जाता ती ओरडली, "गुडघा! गुडघा लावा! नळीले गुडघा लावा!"

त्याला ऐकू गेलं की नाही कळेना. तिनं परत हाक मारली, आणि या खेपेला आयुष्यात पहिल्यांदा नाव घेऊन. "लोकेंद्र! गुडघा!"

त्याचा उजवा पाय आत आला. गुडघा नळीला टेकला, घसरला, परत टेकला. खांदे थांबले. पिशव्या थांबल्या. एसटी वळणावर दिसली आणि त्याच्या बाजूनं धूळ उडवत वर निघून गेली. लोकेंद्र वळणाच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला मुरमावर उतरला, दोन पावलं सायकलीसोबत धावला आणि सायकल टाकून खाली बसला.

ओमेश्वरी पोचली तेव्हा तो तिच्याकडे बघत नव्हता. त्यानं दोन्ही हात समोर धरले होते, पंजे पसरून, आणि त्यांच्याकडे बघत होता. हात थडथड उडत होते.

"बघ," तो म्हणाला. "बघ, हलून राहिले."

ती त्याच्यासमोर बसली. काय झालं ते तिला अजून समजलं नव्हतं. "लागलं का कुठं?"

"त्या दिवसापासून हलतात. त्या पुलावर मी चालवली ना, तवाच समजलं मले. हँडल हललं अन् मी म्हटलं, झालं. सुरू झालं. बाबूजीचं मले आलं. तू म्हणत होती सायकल हलते. मले वाटे, हिले दुसरं काही वाटत असन, पण माझे तर हातच आहेत. सायकल हलते म्हटलं असतं, अन् तपासून सायकलीत काही निघालं नसतं, मंग?"

एवढे दिवस तो तळवे पँटला का पुसायचा, पेला दोन्ही हातांनी का धरायचा, हे तिला एकदम कळलं. तिला रागही आला. तिला खोटं ठरवून ह्यानं आपली भीती लपवली होती. आणि तो राग पूर्ण यायच्या आतच तिला त्याची इतकी कीव आली की दोन्हींचं काय करावं ते तिला सुचेना.

तिनं आपले हात त्याच्यासमोर धरले. तेही थडथडत होते.

"हे पाहा. माझ्या घरी कोणाले कंपवात नाई."

त्यानं तिचे हात बघितले, मग आपले.

"अजी, मी चालवली तवाही ते हँडल हललं. माझे हात अन् तुमचे हात एक आहेत का? अन् आता गुडघा लावला तवा काऊन थांबलं? हातातला कंप गुडघ्यानं जाते का?"

हे त्याला पटायला वेळ लागला. बरोबर असलेली गोष्टसुद्धा, इतके दिवस उलटी धरून ठेवली की सरळ करायला जड जाते. ती दोघं तिथेच सागाच्या पानांवर बसून राहिली. पाणी प्याली. हळूहळू तिचे हात थांबले. मग त्याचेही थांबले. ते थांबल्यावर तो लहान मुलासारखा रडला, आणि तिनं त्याला रडू दिलं.

पुढे ती दोघं सायकली ढकलत कोहमाऱ्यापर्यंत गेली. केशोरी राहूनच गेली. सायकली एसटीच्या टपावर बांधून दोघं संध्याकाळी गोंदियाला परत आली.

जियालालना सांगायचं की नाही, यावर एसटीत दोघांचं बोलणं झालं होतं. लोकेंद्र नको म्हणत होता. पण घरी आल्यावर, इतक्या लवकर कसे आले म्हणून म्हाताऱ्यानं विचारलं, आणि ओमेश्वरीनं सगळं सांगून टाकलं. लोकेंद्र भिंतीला टेकून उभा होता.

जियालालनी लोकेंद्रकडे बघितलं. मग म्हणाले, "मले विचाराचं होतं ना. ते कसं सुरू होते हे माझ्याहून जास्त कोणाले माहीत आहे?"

"कसं विचारू, बाबूजी?"

"तोंडानं." त्यांनी मांडीवरचा हात दाखवला. बोटं चालू होती. मग त्यांनी तोच हात उचलून बाजूचा तांब्या धरला. बोटं थांबली. "पाहिलं? काही धरलं की थांबते. रिकामा ठेवला की हलते. तू हँडल आवळून धरत होता. माझं असं नाई होत. आता डॉक्टरले दाखव, मी काही डॉक्टर नोहो. पण माझ्या हाताकडे तू कधी पाहिलंच नाई, म्हणून तुले हे माहीत नाई."

लोकेंद्र वडिलांच्या शेजारी खाली बसला. त्यानं त्यांचा तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. त्यानं तो धरला तसा, थोड्या वेळानं, तो हात थांबला.

खुमेंद्रला फोन करायचं काम ओमेश्वरीनं घेतलं. तो चिडला. ढोलवाल्यांना काय सांगू, शाली आणल्या आहेत, फ्लेक्सवर तारीख आहे, सगळं ऐकवलं. ती म्हणाली, "भाऊजी, सायकल चांगली असती तं फ्लेक्सवरच्याच तारखेले गेलो असतो. ते उताराले हलते. दुरुस्त झाली की जाऊ, अन् न सांगता जाऊ. स्वागत नको आम्हाले." तो दोन दिवस अबोला धरून बसला, मग स्वतःच येऊन चहा पिऊन गेला.

नागपूरच्या डॉक्टरांनी लोकेंद्रला चालायला लावलं, बोटं आपटायला लावली, डोळे मिटून उभं केलं. आज काही नाही, ते म्हणाले. उद्याचं मी सांगू शकत नाही, आणि कुणीही सांगू शकत नाही. हे दुसरं वाक्य लोकेंद्रनं घरी येईपर्यंत अनेकदा म्हणून दाखवलं. ते पूर्ण समाधानाचं वाक्य नव्हतं. पण त्यात माणसाला राहता येत होतं.

सातवालीची फ्रेम कंपनीला परत पाठवली. पत्र नाही, फोन नाही, काय बिघडलं होतं ते त्यांनी कधी सांगितलंच नाही. थंडी संपत आली तेव्हा एक नवीन फ्रेम आली, तशीच हिरवी. जुनी चाकं, जुनं हँडल बसवून, तांदळाच्या पिशव्या बांधून ती तयार केली, आणि चालवून कोण पाहणार हा प्रश्न कुणी विचारला नाही.

ओमेश्वरी एकटीच पुलावर चढली. लोकेंद्र आणि जियालाल खाली उभे राहिले. माथ्यावर ती क्षणभर थांबली. खाली रेल्वेचे रूळ, पलीकडे गिरण्यांची धुरांडी. तिच्या तोंडात पुन्हा तीच तांब्याची चव आली. ती सुटली. वारा भरला, हात हलके झाले, तो ठरावीक वेग आला, आणि तिचं सगळं अंग वाट बघू लागलं. वेग निघून गेला. तिनं आणखी सोडली. जी हद्द तिनं कधी ओलांडली नव्हती तिच्या पलीकडे ती गेली, आणि खाली येऊन, मुद्दाम फार लांब जाऊन, वळून आली.

"हलली का?" लोकेंद्रनं विचारलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"नाई."

"मंग कशी आहे? आठवालीसारखी?"

तिनं विचार केला. "तशी नाई. थोडी जड आहे चढाले. ते जुनी कशी उडी घ्यायची, तसं नाई होत." तिच्या आवाजात बारीकशी हळहळ होती, आणि तिचं तिलाच नवल वाटलं. "पण चालन."

होळीच्या आधी, एका साध्या मंगळवारी, दोघं बालाघाटच्या रस्त्याला लागली. निघताना मंजूनं कुंकू लावलं, जियालालनी दारातून हात केला. वाघ नदीच्या पुलावर एका मोटरसायकलवाल्यानं वेग कमी करून विचारलं, "कहाँ जा रहे हो, भैया?"

लोकेंद्रनं बायकोकडे बघितलं.

"आगे," ओमेश्वरी म्हणाली.